‘ॲडजस्ट’ : एका शब्दाचा जमाखर्च

दहावीच्या वर्गाच्या निबंधाच्या वह्या तपासत होतो. विषय नेहमीचाच, ‘माझी आजी’. हे काम तसे सोपे असते. बहुतेक आज्या पहाटे उठतात, देवपूजा करतात, नातवंडांना गोष्टी सांगतात आणि शेवटच्या परिच्छेदात सर्वांना आशीर्वाद देतात. पंधरा-वीस आज्या अशा हातावेगळ्या केल्यावर एका मुलीच्या वहीत एक वाक्य आले : ‘माझ्या आजीने आयुष्यभर खूप ॲडजस्ट केले.’ सवयीने माझ्या हाताने त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात शेरा मारला, ‘मराठी शब्द वापरा.’

शेरा मारला खरा, पण पुढची वही काही उघडेना. कोणता मराठी शब्द वापरायचा? उद्या ती मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली आणि तिने हेच विचारले, तर सांगणार काय? मी पेन्सिल घेतली आणि तिच्या वाक्यात एकेक शब्द घालून पाहू लागलो. ‘आजीने जुळवून घेतले.’ ‘आजीने तडजोड केली.’ ‘आजीने सोसले.’ ‘आजीने भागवले.’ व्याकरणाच्या दृष्टीने सगळी वाक्ये निर्दोष होती. अडचण अशी की दर शब्दागणिक आजी बदलत होती. एक शब्द घातला की समाधानी बाई दिसे, दुसरा घातला की गांजलेली, तिसरा घातला की हिशेबी, चौथा घातला की घरावर सत्ता गाजवणारी. त्या मुलीच्या मनात यांपैकी कोणती आजी होती, हे तिच्या वाक्यावरून मला समजत नव्हते. आणि खरे सांगायचे तर ते तिला तरी ठाऊक असेल की नाही, याची शंका मला तेव्हा प्रथम आली.

त्या शंकेचा हा लेख आहे.

समानार्थी शब्द म्हणून आपण मुलांना ज्या जोड्या पाठ करायला लावतो, त्या परीक्षेपुरत्या ठीक असतात. वाक्यात शिरल्यावर दोन शब्द क्वचितच समान अर्थाचे राहतात. ‘ॲडजस्ट करणे’ या एका शब्दाच्या जागी मराठीने किती शब्द ठेवले आहेत आणि प्रत्येक शब्द काय सांगतो, हे क्षणभर पाहू.

‘जुळवून घेणे’ या शब्दात सुताराचे काम आहे. दोन फळ्या एकमेकींना लागत नसतील तर कुठेतरी रंधा मारावा लागतो. पण काम संपले की सांधा बसलेला असतो. या शब्दाला शेवट आहे आणि त्या शेवटी थोडे समाधानही आहे. ‘तडजोड’ला दोन पक्ष लागतात. दोघांनी थोडे थोडे सोडायचे, ही तिची अट. तेव्हा आजीने तडजोड केली असे म्हटले, की लगेच विचारावे लागते, समोरच्यांनी काय सोडले? ‘चालवून घेणे’ हा नाही म्हणण्याची सोय असणाऱ्याचा शब्द आहे. भाजीत मीठ कमी पडले तरी सासरे चालवून घेत. सुनेला तो शब्द लागू पडत नसे. ‘खपवून घेणे’ यात राग दबा धरून बसलेला असतो. म्हणूनच तो शब्द बहुधा नकारात ऐकू येतो : ‘हे मी खपवून घेणार नाही.’ ‘सांभाळून घेणे’ मोठ्याने धाकट्यासाठी करायचे. त्यात चूक दुसऱ्याची असते आणि ती पदराखाली घालणारा आपला असतो. ‘भागवणे’ हा पैशाचा, कपड्यांचा, धान्याचा शब्द. दोन लुगड्यांत वर्ष भागवता येते, अपमानात भागवता येत नाही. ‘पड खाणे’ किंवा ‘नमते घेणे’ म्हणजे आधी भांडण झालेले असते. ‘सोसणे’ म्हणजे भांडणसुद्धा झालेले नसते.

आणि ‘मनाला मुरड घालणे’. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो आपल्या बायकांनी दिवाळीच्या फराळातून काढला असावा असे मला नेहमी वाटते. करंजीच्या कडेला मुरड घालतात ती शोभेसाठी दिसते, पण तिचे खरे काम आतले सारण तेलात सांडू न देण्याचे. मनातली इच्छा बाहेर येऊ नये म्हणून तिची कड दुमडायची, आणि तीही अशी की पाहणाऱ्याला नक्षी वाटावी! एका वाक्प्रचारात एवढे सारे बसले आहे.

या यादीत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जुळवून घेणे, चालवून घेणे, खपवून घेणे, सांभाळून घेणे, नमते घेणे, समजून घेणे, सामावून घेणे. यांतल्या ‘घेणे’ला घेण्याचा उघड अर्थ उरलेला नाही. काम करणाऱ्याने ते स्वतःकडे ओढून घेतले, एवढेच ते सांगते. आपल्या शेजारच्या कन्नडातही हीच रीत आहे. ‘कोळ्ळु’ म्हणजे घेणे, आणि ‘होंदिकोळ्ळु’ म्हणजे जुळवून घेणे. दोन भाषांची कुळे वेगळी, एक आर्य आणि एक द्राविड, पण शेकडो वर्षे एका बांधावर राहिल्यामुळे दोघींनीही ‘घेणे’ला एकच काम लावले. जुळवून घेणारा काहीतरी घेतो, म्हणजे भार घेतो, हे दोन्ही भाषांना कळले होते.

आता इंग्रजी शब्दाकडे वळू. लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ, लगत. त्यावरून जवळ आणणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि जुन्या फ्रेंचच्या मार्गाने ते इंग्रजीत पोचले. वाटेत लोकांचा असा समज झाला, की त्याचे नाते ‘जस्ट’ म्हणजे न्याय्य या शब्दाशी आहे. ते मूळचे खरे नव्हे. पण गंमत पाहा, तोच घोटाळा आपल्याही मनात आहे. दोन माणसांना जवळ जवळ बसवले की न्याय झाला असे आपण धरून चालतो.

इंग्रजी बोलणारे लोक हा शब्द बहुधा वस्तूंसाठी वापरतात. घड्याळ, चष्मा, खुर्चीची उंची ॲडजस्ट करतात. माणसाच्या बाबतीत वापरला तर कशाशी ते पुढे सांगतात : अंधाराशी, नव्या नोकरीशी, परक्या हवेशी. बाकीच्या छटांसाठी त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत. ‘ॲडॅप्ट’ वेगळे, ‘ॲकॉमोडेट’ वेगळे, ‘कॉम्प्रमाइज’ वेगळे, निमूटपणे सहन करण्याला ‘पुट अप विथ’ वेगळे, आणि आहे त्यात भागवण्याला ‘मेक डू’ वेगळे. म्हणजे दोष इंग्रजीचाही नाही. आपण त्या भाषेतून एकच शब्द उचलला, तिचे बाकीचे शब्द तिथेच ठेवले, आणि आपलेही बाजूला सारले. शिवाय उचलताना त्याचे कर्म काढून टाकले. ‘जरा ॲडजस्ट कर.’ काय? कशाशी? किती दिवस? या वाक्यात त्याला जागाच नाही.

इथे भाषाशुद्धीचा जुना वाद आठवणे साहजिक आहे. शिवछत्रपतींच्या काळी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ केले, माधव जूलियनांनी त्या बाजूने ग्रंथ लिहिला. या मंडळींचा आदर ठेवून सांगतो, की माझी तक्रार शब्द परका असल्याची नाही. या भागात राहणाऱ्या माणसाने तशी तक्रार करू नये. आपल्या स्वयंपाकघरापासून बाजारापर्यंत कन्नड, कोकणी, उर्दू, पोर्तुगीज, इंग्रजी असे सगळे शब्द नांदत आहेत आणि त्यामुळे आपली मराठी दरिद्री झालेली नाही.

याचा पुरावा हवा असेल तर प्रकाश नारायण संतांचा लंपन पाहावा. ‘वनवास’ १९९४ मध्ये आले, त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. या कथांतल्या मुलाच्या तोंडी ‘मॅड’ हा इंग्रजी शब्द पानोपानी आहे. पण तो शब्द त्या मुलाने असा काही आपलासा केला आहे, की त्याच्या जागी ‘वेडा’ घातले तर लंपन तिथल्या तिथे मरेल. आनंद, भीती, लाज, ज्यांना त्या वयात नाव नसते अशा सगळ्या खळबळींना तो एक शब्द पुरतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ प्रसंगातून नेमका उमगतो. परका शब्द आला आणि भाषेला एक खिडकी मिळाली.

‘ॲडजस्ट’ने नेमके उलट केले. त्याने आठ-दहा खिडक्या लावून घेतल्या आणि एक दार उघडे ठेवले, ज्यातून जो तो निसटतो. त्या जागी शुद्ध प्रतिशब्द ठेवूनही हे भागत नाही. ‘समायोजन’ हा सरकारी शब्द आहेच. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे समायोजन होते, असे आदेशात असते. घरापासून साठ किलोमीटरवर बदली झालेल्या शिक्षिकेचे काय झाले, ते ‘समायोजन’ही सांगत नाही. संस्कृत पोशाख घातला म्हणून आडपडदा कमी होत नाही.

मग हा शब्द कुठे शोभतो? दोन ठिकाणी मला तो अगदी योग्य वाटतो. एक आमच्या शाळेत. शिक्षक रजेवर असले की त्यांचे तास दुसऱ्यांना वाटून देतात. त्याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात आणि त्याची वही असते. आज कोण गैरहजर, कोणता तास, कोणी घेतला, हे त्या वहीत लिहून समोर सही घ्यावी लागते. महिनाअखेर वही उघडली, की एकाच बाईंवर किती तास पडले, हे मुख्याध्यापकाला नाकारता येत नाही. दुसरे ठिकाण हिशेबाचे. वाणिज्य शाखेच्या मुलांना अंतिम लेखे शिकवताना पहिली गोष्ट सांगतात ती ही, की प्रत्येक ॲडजस्टमेंटचे दोन परिणाम असतात. एकीकडे नोंद केली की दुसरीकडेही करावीच लागते. एकच बाजू लिहिली तर ताळेबंद जुळत नाही.

घरात आणि समाजात आपण ‘ॲडजस्ट’ म्हणतो तेव्हा ही वहीही नसते आणि दुसरी नोंदही नसते. माझी तक्रार एवढीच आहे.

आता साहित्याकडे येतो. गेली काही वर्षे होतकरू लेखकांच्या कथा परीक्षक म्हणून वाचण्याचा योग येतो. त्यांत एक ठरावीक जागा असते. नायिकेचे लग्न होते, आणि पुढच्या ओळीत ‘तिने सगळ्यांशी ॲडजस्ट केले’ असे वाक्य येते. त्यानंतरच्या परिच्छेदात तिचा मुलगा इंजिनियर झालेला असतो. मधली बावीस वर्षे कुठे गेली? कथा खरी तिथे होती. लेखकाने ती एका शब्दात गुंडाळून वळचणीला ठेवली. हा आळस लेखकाचा खरा, पण त्याला सोय या शब्दाने करून दिली.

ज्यांच्या हाताशी हा शब्द नव्हता त्यांनी काय केले, ते पाहावे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० नंतर ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते आणि घरातल्या बोलण्याचालण्याचे, रुसव्याफुगव्याचे, धाकाचे बारीकसारीक तपशील देत जाते. आजच्या वाचकाला तो पसारा लांबट वाटतो. पण ते तपशीलच तर पुरावा आहेत! वैधव्यानंतर तिच्यावर जी जबरदस्ती होते, तिच्यापर्यंत वाचक पोचतो तो या शेकडो लहान पायऱ्यांवरून. आणि शीर्षकातले क्रियापद पाहा. तिथेही ‘घेणे’ आहे. यमूने किती सोसून घेतले ते कादंबरीत आहे, आणि ते लक्षात कोण घेतो, हा प्रश्न मुखपृष्ठावर आहे. हिशेबाच्या दोन्ही बाजू हरिभाऊंनी लिहिल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरचा ताटातुटीचा काळ, पुन्हा एकत्र येणे, पण सोवळेओवळे लगेच न सुटणे, आणि मग एकेक गाठ आपोआप सैल होत जाणे, हे सगळे त्या बाई हसत हसत सांगतात. या चरित्राचा सारांश आजच्या भाषेत कोणी ‘पतीच्या धर्मांतराशी ॲडजस्ट केले’ असा केला, तर तो चुकीचा ठरणार नाही, निरुपयोगी मात्र ठरेल. लक्ष्मीबाई शेवटी ज्या ठिकाणी पोचल्या ते त्यांचे स्वतःचे ठिकाण होते. कुठे त्यांनी पड खाल्ली, कुठे हट्ट धरला, कुठे मन वळले आणि कुठे मन मोठे झाले, हे वेगवेगळे सांगितल्यामुळेच ते पुस्तक आजही ताजे आहे.

आणि पुन्हा लंपन. आईवडील आणि भावंडे दुसऱ्या गावी, आणि हा आजी-आजोबांकडे. लेखकाने त्या राहण्याला ‘वनवास’ म्हटले आहे. पण हा वनवास आजीच्या मायेने भरलेला आहे, आणि तरीही तो वनवास आहे. सामावून घेणे आणि एकटे पडणे या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच दिवशी घडतात. ‘मुलगा आजोळी छान ॲडजस्ट झाला’ असे कोणी पाहुणा म्हणाला असता, तर चारही पुस्तकांची गरज उरली नसती.

आता थोडे आपल्या भागाविषयी. कर्नाटकात ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ हे वाक्य म्हणीसारखे झाले आहे. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकतो तो हे म्हणतच. मी लहान असताना खानापूरच्या गाडीत मराठी माणूस ‘जरा सरा की’ म्हणत असे आणि कन्नड माणूस ‘स्वल्प सरीरि’ म्हणत असे. दोन्ही शब्द ऐकायला जवळपास सारखेच. आणि दोन्ही शब्दांत काय करायचे ते स्पष्ट होते : चार बोटे सरकायचे. सरकले की काम संपले. ‘ॲडजस्ट’ मात्र उतरायचे ठिकाण आले तरी संपत नाही.

बसमध्ये हे गोड लागते. कचेरीच्या खिडकीशी लागत नाही. १९४६ मध्ये बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची नवी रचना झाली तेव्हा हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढ्या काळात इथल्या मराठी माणसाने जो सल्ला सर्वांत जास्त वेळा ऐकला असेल, तो या एका शब्दाचा. ज्याला कन्नड वाचता येत नाही अशा म्हाताऱ्याच्या हातात कन्नड अर्ज येतो, तो खिडकीतून आत पाहतो, आणि आतून उत्तर येते, ‘ॲडजस्ट माडकोळ्री.’ तिकडे पुण्या-मुंबईचे नातलगही सुस्कारा सोडून म्हणतात, ‘आता तुम्ही लोकांनी ॲडजस्ट करायला हवे.’ दोघांच्याही बोलण्यात वाईट हेतू नसेल. पण दोघांच्याही वाक्यात दुसरी नोंद नसते.

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर हा लेख आपल्या अंकाला शोभला असता आणि वाचकांनी मान डोलावली असती. पण ती निबंधाची वही मध्ये आली.

शेरा मारून परत दिल्यावर चार दिवसांनी ती मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, “सर, मराठी शब्द कुठला लिहू ते कळंना. म्हणून घरात विचारलं.” तिने नवीन पान लिहून आणले होते. ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

तिची आजी गोकाककडची. माहेर पूर्ण कन्नड. लग्न होऊन इकडे मराठी घरात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. सासरी दंडक असा, की घरात मराठीच बोलायचे, नाहीतर पोरांची भाषा बिघडेल. आजी शिकली. इतकी शिकली, की नातीला ती मूळची कन्नड हे माहीतच नव्हते. शाळेत कन्नडच्या पेपरात नापास होण्याची वेळ आली, तेव्हाही घरात शिकवणारे कोणी आहे असे तिला कधी वाटले नाही. वडिलांना विचारल्यावर ते म्हणाले, आम्हा भावंडांना ते ऐकून माहीत होते, पण आई आमच्याशी कधी कन्नड बोलली नाही. फक्त तांदूळ मोजताना तिचे ओठ हलत. मोजताना मध्येच कोणी बोलले तर ती चिडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

मी ते पान दोनदा वाचले. ज्या घरांनी आपली भाषा टिकावी म्हणून सत्याग्रह केले, मोर्चे काढले, तशाच एका घराने आपल्याच सुनेची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून घेतली होती. यात त्या घराला दोष देण्याचा अधिकार मला नाही. माझ्याही घरात काय होते? माझी आई कोकणी बोलत आली आणि ‘शुद्ध’ बोलायला शिकली, याचे आम्हा मुलांना कौतुकच होते. तिने काय खाली ठेवले, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. विचारले असते तर ती हसून काहीतरी बोलली असती आणि आम्ही आमच्या कामाला लागलो असतो. आणि दोन वर्षांपूर्वी एका वर्गाच्या छपराला गळती लागली, तेव्हा दोन तुकड्या एका खोलीत कोंबून दारात उभे राहून ‘महिनाभर ॲडजस्ट करा’ असे मीच म्हणालो होतो. तो महिना पाच महिन्यांचा झाला. हा शब्द बहुधा उभा असलेला माणूस बसलेल्यांना सांगतो.

तेव्हा दुसऱ्याने आपल्यासाठी दुसरी नोंद करावी असे वाटत असेल, तर आपल्या वहीत आधी पाहायला हवे. सीमाभागातल्या मराठी घराला हे करणे इतरांपेक्षा सोपे जावे, कारण बोलता येणारी भाषा गिळून टाकणे म्हणजे काय, याची चव त्याला माहीत आहे. हे अवघड जाते ते त्यामुळेच, हेही कबूल करतो. स्वतःचे दुखणे मोठे असले, की शेजारचे कण्हणे कानावर येत नाही.

मुलीने शेवटी कोणता शब्द वापरला, अशी उत्सुकता वाचकांना असेल. तिने कुठलाच वापरला नाही. ‘ॲडजस्ट’ गेले आणि त्याच्या जागी सहा ओळी आल्या. निबंधाची शब्दमर्यादा ओलांडली होती. मी गुण कापले नाहीत. समासातला माझा जुना शेरा मात्र मला खुपू लागला. ‘मराठी शब्द वापरा’ हे सांगणे योग्यच होते, पण त्याआधी ‘म्हणजे काय केले?’ असे विचारायला हवे होते. हल्ली मी तांबड्या शाईने तेवढेच लिहितो.

मी तिला म्हटले, “आजी मोजताना काय म्हणायची, ते वडिलांना आठवतं का?”

ती म्हणाली, “आठवतं की सर.” आणि तिने म्हणून दाखवले. धान्य मोजताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आजीही तेच म्हणायची. ऐकणाऱ्याला तिथपर्यंत काही कळले नसते. दुसऱ्या मापापासून ती आपल्या घरी जायची.

“लाभ... एरडु... मूरु... नाल्कु...”